सावलीतला रंग

भिगवणच्या फोटोत दिपालीचे ओठ निळे आले होते.

नागेशने तो फोटो पाहिला, मागे सारला, दोन फोटो पुढे गेला आणि परत त्याच फोटोवर आला. एमआयडीसीतल्या दूध प्लँटची पहिली पाळी सुटल्यावर तो बारामतीत मोहनरावांच्या स्टुडिओतून फोटोंचं पाकीट घेऊन बाहेर मोटरसायकलवर बसला होता. फेब्रुवारीचं दुपारचं ऊन थेट फोटोवर पडत होतं. मागे उजनी धरणाचं पाणी, लांबवर पाण्यात उभी पाखरं, आणि काठाला त्याची दोन पोरं. सहा वर्षांची दिपाली आणि चार वर्षांचा राम. सकाळची साडेसातची वेळ, बारीक धुकं. दिपालीच्या अंगात पांढरा फ्रॉक होता आणि ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते. फेब्रुवारीत जांभळं नसतात.

तो परत आत गेला. मोहनरावांनी चष्मा कपाळावर चढवून फोटो डोळ्यांजवळ धरला.

"थंडीतला सकाळचा उजेड निळाच आसतोय," ते म्हणाले. "फ्रॉक बघ की. पांढरा हाय का तो? निळसर आलाय. सावलीत, धुक्यात आसंच येतं. पुण्याला परत छापाय पाठवू का?"

"नगं. ऱ्हाऊ द्या."

फ्रॉक खरंच निळसर होता. नागेशला बरं वाटलं. पण घरी सणसरला पोचेपर्यंत रस्ताभर त्याच्या डोळ्यांसमोरून रामचा चेहरा हलेना. राम त्याच धुक्यात बहिणीचा हात धरून उभा होता, आणि त्याचे ओठ गुलाबी होते.

नागेशचा स्वतःचा लहानपणचा एकही फोटो नव्हता. वडील आबाजी मेंढरं घेऊन सहा-सहा महिने कोकणपट्टीत फिरायचे, नागेश त्यांच्या खांद्यावर वाढला. तिथं फोटो कोण काढणार. पुढं पाटाचं पाणी आलं, मेंढरं गेली, दोन एकरांत ऊस उभा राहिला आणि नागेश प्लँटवर लागला. दोन वर्षांपूर्वी मोहनराव लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगला लागले, तेव्हा त्यांचा जुना कॅमेरा नागेशने घेतला. त्याचा फ्लॅश बंद होता. त्यामुळं काढायचा तो फोटो दिवसाच्या उजेडात, दाराबाहेर. मोहनरावांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या होत्या आणि बाकीच्या त्याच्या त्याला कळत गेल्या. उन्हाळ्यात आठच्या आत काढायचा, नाहीतर पोरांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. पावसाळ्यात ढग असले की दिवसभर मऊ उजेड. दिवाळीच्या सुमाराला संध्याकाळचं तिरपं ऊन उसाच्या कडेला असं येतं की पोरं सोन्याची दिसतात. तो उजेड त्याचा सगळ्यांत आवडता. एका ऋतूला एक रोल, छत्तीस फोटो.

त्या रविवारी त्याने नवा रोल भरला. आबाजींचं धुतलेलं पांढरं धोतर भिंतीवर ताणून बांधलं आणि दोन्ही पोरांना त्याच्यापुढं उभं केलं. आधी उन्हात. मग कडुनिंबाच्या सावलीत. मग पाटाच्या भरावावर, आणि शेवटी संध्याकाळी उसाकडं. दर वेळी दोघं शेजारी-शेजारी.

"जीभ दाखव."

"जीभंचा फोटू कशाला, पप्पा?"

"गंमत. राम, तूबी."

रामने जीभ काढली, डोळे तिरळे केले. दिपालीने जरा वेळाने काढली आणि लगेच आत घेतली.

त्याची बायको म्हाळसा दारात उभी होती. "किती बघता तिच्याकडं," ती म्हणाली. "कावली पोरगी."

"फोटू हाय. बघाय लागतंय."

रोल पुण्याला गेला. यायला आठ दिवस. या आठ दिवसांत नागेश सकाळी दिपाली शाळेत जाताना तिच्याकडं पाहायचा, संध्याकाळी आल्यावर पाहायचा. एखाद्या दिवशी ती अगदी चांगली दिसायची, मग आपणच मनात काहीतरी घेऊन बसलोय असं वाटायचं. प्लँटवर पिशव्या भरताना तो मशीनसमोर थबकायचा आणि शेजारचा माणूस हाक मारायचा. त्याने घरात कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं त्याला वाटत होतं.

फोटो आले. धोतर पांढरंशुभ्र आलं होतं. उन्हातल्या फोटोत रामची जीभ लाल होती आणि दिपालीची जीभ शाईचं बोट लागल्यासारखी. सावलीतही तसंच. फक्त संध्याकाळच्या फोटोत दोघंही सारखी सोनेरी दिसत होती आणि काहीही कळत नव्हतं. दोन वर्षं त्याने पोरांचे निम्मे फोटो त्याच उन्हात काढले होते.

घरी आल्यावर त्याने बिस्किटांच्या डब्यातले सगळे फोटो बाजेवर पसरले. गेल्या पावसाळ्यातले, त्याआधीच्या उन्हाळ्यातले, दिवाळीतले. ओठ पाहता पाहता त्याला दुसरंच दिसलं. पोरं पाटावर पळतायत, राम पुढं आहे, आणि दिपाली गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसली आहे. लगोरीच्या फोटोत बाकीची पोरं उभी, दिपाली उकिडवी. भिगवणलाही एका फोटोत ती चिखलात तशीच बसलेली. त्या वेळी त्याला वाटलं होतं, ती शिंपले बघतीये. तो फोटो त्याला फार आवडला होता.

म्हाळसा आत आली. बाजेवरचे फोटो पाहून ती काही विचारणार होती, पण नवऱ्याचं तोंड पाहून खाली बसली. नागेशने एकेका फोटोवर बोट ठेवून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग हळू म्हणाली, "नखंबी."

"काय नखं?"

"आंघूळ घालताना बघती मी. थंडीत निळी व्हत्यात. चोळली, कोमट तेल लावलं की मला वाटायचं गेली." तिने पदर तोंडाशी नेला. "दवाखान्यात रक्त कमी हाय म्हनून बाटली दिली व्हती. ती पाजती की. सांगू काय आनि तुमाला?"

ओट्यावर आबाजी बसले होते. त्यांना ऐकू गेलं असावं. ते उठून दारापर्यंत आले, पण उंबरा ओलांडला नाही.

"जल्म मेंढरामागं घालवला," ते म्हणाले. "दम लागल्यालं कोकरू मला वळकाय येत न्हाय व्हय? दोन वरीस बघतुया. चार पावलं पळती आन बसती."

"मग बोलायचं न्हाय का, आबा?"

"कोकरू आसतं तर बोललो आसतो," आबाजी म्हणाले. "नातीचं नाव घिऊन कसं बोलू? भ्या वाटलं."

एकाच घरात तिघांनी तीच गोष्ट पाहिली होती आणि तिघांनीही ती आपल्यापाशी दाबून ठेवली होती.

बारामतीच्या बालरोग डॉक्टरांनी दिपालीच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. खेळताना दमते का, जेवताना घाम येतो का, असं विचारत गेले.

"दमल्यावर काय करते? झोपते की बसते?"

नागेशने पाकीट काढून टेबलावर फोटो मांडले. पाटावरचा, लगोरीचा, भिगवणचा. मग धोतरासमोरचे दोन. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून एकेक पाहत होते.

"हे कोणी काढले?"

"मीच, साहेब."

"तारखा आहेत?"

"मागं लिवल्यात. उजेडबी लिवलाय, ऊन का सावली."

डॉक्टरांनी मागची अक्षरं वाचली. मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली आणि फोटो त्याच लिफाफ्यात घातले.

पुण्यात पडद्यावर दिपालीचं हृदय दाखवलं. हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक होतं आणि फुप्फुसाकडं रक्त नेणारी वाट अरुंद होती. त्यामुळं निळं रक्त तांबड्यात मिसळत होतं. उकिडवं बसलं की तिला थोडं बरं वाटत होतं, म्हणून ती बसायची. कुणी शिकवलं नव्हतं. ऑपरेशन करावं लागेल, जुलैतली तारीख मिळेल. तोवर पळू द्यायचं नाही, उन्हात न्यायचं नाही, पाणी भरपूर, आणि फार रडू द्यायचं नाही. रडून निळी पडली तर गुडघे छातीशी दाबून धरायचे.

एप्रिल आणि मे. नागेशच्या जन्मात एवढा लांब उन्हाळा आला नव्हता. त्याने कॅमेरा पेटीत ठेवला. तरी तो दिपालीकडं पाहायला लागला की तिचा चेहरा आक्रसायचा. "फोटू काढायचा न्हाय ना, पप्पा? मग बघू नका," असं ती म्हणायची. तो मान फिरवायचा आणि थोड्या वेळाने परत चोरून पाहायचा. पाळी असली की दर दोन तासांनी गेटवर जाऊन गावातल्या किराणा दुकानात फोन करायचा. दुकानदार सर्जेराव वैतागत नसत. "खेळतीया," एवढंच सांगत.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, वाडीतली पोरं पाटात डुंबायला निघाली. राम गेला. दिपालीने चप्पल घातली.

"तू न्हाय," नागेश म्हणाला.

"काठावं बसती नुसती."

"न्हाय म्हटलं ना."

ती आधी मुसमुसली. मग जमिनीवर बसून रडायला लागली. इतके महिने धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आल्यासारखी. नागेश समजूत काढत होता, म्हाळसा पाणी घेऊन आली, आणि तेवढ्यात रडण्याचा आवाज बारीक होत गेला. श्वास मात्र भराभर चालला होता. मान लवली.

नागेशने तिला उचलून मांडीवर घेतलं आणि दोन्ही गुडघे तिच्या छातीशी दाबले. घरात दारं लोटलेली, पत्र्याखाली अंधार. तो तिच्या तोंडाकडं पाहत होता आणि त्याला रंगच कळत नव्हता. सगळं राखाडी दिसत होतं.

"दार उघड," तो म्हणाला.

म्हाळसाने दार उघडलं. तो पोरीला तसाच पोटाशी धरून उंबऱ्यापर्यंत सरकला. बाहेरच्या उजेडाचा पट्टा तिच्या तोंडावर पडला आणि त्याला दिसलं. ओठ काळेनिळे होते. नाकाभोवती निळी रेघ.

"दाबून धर," मागून आबाजी म्हणाले. "सोडू नगंस."

"दिपाली, ए बाय. जाऊ आपन पाटावं. मी नेतो."

किती वेळ गेला ते त्याला कधीच सांगता आलं नाही. म्हाळसा म्हणायची पाच मिनिटं, आबाजी म्हणायचे अर्धा तास. मग तिने एक मोठा श्वास घेतला. श्वास संथ होत गेला. कानाची पाळी आधी बदलली, मग ओठांची कड, आणि मग हळूहळू तिचा रोजचा फिकट जांभळा रंग परत आला. फेब्रुवारीत ज्या रंगाची त्याने धास्ती घेतली होती, तोच रंग पाहून तो उंबऱ्यावर बसल्या बसल्या रडला.

त्याच दिवशी सर्जेरावांच्या जीपमधून तिला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं आणि तारीख महिनाभर अलीकडं आणली.

ऑपरेशनला सकाळी आत नेलं ते दुपार टळल्यावर बाहेर आणलं. नागेश आणि म्हाळसा जिन्यातल्या बाकावर बसून होते. नीट झालं, असं मोठे डॉक्टर जाता जाता सांगून गेले. नागेशने मान हलवली, पण त्याच्या मनाला ते पोचलं नाही. संध्याकाळी काचेतून पोरगी दाखवली. नळ्या, पट्ट्या, आणि वर ट्यूबलाइट. त्या उजेडात सगळंच हिरवट दिसत होतं. नर्सचे हातसुद्धा, चादरसुद्धा.

"कशी दिसती?" म्हाळसाने विचारलं.

"हितं न्हाय कळत."

तिसऱ्या दिवशी सकाळी दिपालीला वरच्या वॉर्डात आणलं आणि खिडकीजवळची खाट दिली. बाहेर आभाळ भरलेलं होतं. पाऊस नव्हता, नुसता मऊ उजेड आत येत होता. दिपाली झोपलेली होती. चादरीबाहेर तिचा एक हात होता. म्हाळसाने तो उचलून खिडकीकडं केला आणि शेजारी स्वतःचा हात धरला. पाच नखं आणि पाच नखं.

नागेश वाकला. मग सरळ झाला, खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि तिकडूनही पाहिलं. त्याला अजून खात्री वाटेना. त्याने नर्सला पडदा पूर्ण सरकवायला सांगितला. ती आधी हसली, मग त्याच्याकडं पाहून तिने पडदा सरकवला.

दिपालीने डोळे किलकिले केले. "आई, भूक लागली," ती म्हणाली.

खाली रस्त्याच्या पलीकडं एसटीडी बूथ होतं. सणसरच्या दुकानात पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. सर्जेराव म्हणाले, आबाजी पहाटेपासून हितंच बसल्यात, आणि त्यांनी फोन तिकडं दिला.

"आबा," नागेश म्हणाला. "लाल हाय. नखं, व्हट, समदं."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"आबा, ऐकताय न्हवं?"

"व्हय. खाल्लं का तिनं?"

"चा-बिस्कीट मागतीया. डॉक्टरला इचारतो आन देतो."

"मग हितं काय बोलत उभा ऱ्हायलास," आबाजी म्हणाले. "जा की. दे जा."