स्टीलचा चिमटा आणि मी

मी एक स्फटिक बोलतोय. लिहिणारा हात प्रयोगशाळेतल्या भट्टीवाल्याचा आहे. त्याची शाळा लवकर सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. सांभाळून घ्या.

त्यानेच मला घडवलं. बिस्मथ, टेल्युरियम आणि चिमूटभर क्रोमियम काचेच्या नळीत बंद करून बारा दिवस भट्टीत ठेवलं. नळी फोडली तेव्हा मी नखाएवढा, आरशासारखा निघालो. माझ्या पोटातून वीज जात नाही, ती अंगावरच्या कातडीवरून धावते. क्रोमियममुळे मी चुंबकही होतो आणि मग ती वीज अडखळते, पण हे कमालीच्या थंडीतच. जरा ऊब लागली की चुंबकपण जातं आणि कातडीवरची वीज पुन्हा पहिल्यासारखी वागते.

माझ्यावर संशोधन करणाऱ्या ताई प्रत्येक मोजणीआधी चिकटपट्टी लावून माझा पापुद्रा काढतात, म्हणजे खालचा ताजा थर मिळतो. दोन वर्षांत मी निम्मा झालो. त्याही वाळल्यात. चौथं वर्ष चालू आहे आणि हाती काही नाही.

मागच्या सोमवारी मी खोलीच्या उबेतही चुंबक निघालो. ताईंना मार्गदर्शन करणारे सर मोजणीच्या यंत्रापाशी नाचायचेच बाकी होते.

"थंडीशिवाय चुंबक! लोक तोंडात बोटं घालतील."

"सर, मला पटत नाहीये. न हलवता तीनदा मोजलं, तरी तेच."

"चार वर्षं रडलीस, आता जरा हस. शुक्रवारी दुपारी लेख पाठव."

खरं मला ठाऊक होतं. मला फक्त प्लॅस्टिकच्या चिमट्याने उचलायचं, असा ताईंचा नियम. त्या दिवशी तो चिमटा मोडला आणि भट्टीवाल्याने भट्टीजवळचा जुना स्टीलचा घेतला. त्याचे बारीक कण माझ्या अंगाला लागले. चुंबक होते ते कण. यंत्राला काय कळणार, चुंबकपण माझं की त्या कणांचं!

गुरुवारी ताई लेख वाचता वाचता थांबल्या.

"लोखंड लागलं तर असंच दिसतं. पण आपण प्लॅस्टिकचाच चिमटा वापरतो, हो ना रे?"

"हो ताई," भट्टीवाला म्हणाला. मान वर न करता.

मी थकलोय. सोलून सोलून माझी चकती पातळ झाली. अजून सोला, माझी तक्रार नाही. पण जे मी नाही, ते म्हणून मला मिरवू नका. लोक पुन्हा मोजतील आणि हसतील ते ताईंना.

शुक्रवारी सकाळी ताई यायच्या आधीच तो दाराशी उभा होता. त्या आल्या तसा त्याने स्टीलचा चिमटा टेबलावर ठेवला.

"ताई, सोमवारी हा वापरला. काल मी हो म्हणालो, ते खोटं होतं."

ताई खुर्चीत बसल्या. मग चिकटपट्टीचं रीळ त्याच्याकडे सरकवलं.

"तूच काढ तो थर. लेख आज जात नाही, पुन्हा मोजू."

त्याने माझ्या दोन्ही अंगांना पट्टी दाबली आणि हळूच ओढली.