जीपच्या पाट्याची सुरी

मी एक जुनी सुरी आहे, मित्रांनो. लांब, अरुंद पात्याची, बाभळीच्या मुठीची. मुळशी धरणाच्या काठी मासे साफ करण्यात माझं आयुष्य गेलं. पण ते सुरू होण्याआधीच संपायची वेळ आली होती.

माझा जन्म एका जीपच्या पाट्यातून, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीतून झाला. त्या जीपमधून कोंडाजी डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायांना बाळंतपणासाठी पौडच्या दवाखान्यात न्यायचे. जीप भंगारात निघाली, तेव्हा तिच्या स्प्रिंगचा एक तुकडा मागून घेऊन ते थेट माले गावात देवू लोहाराकडे आले.

"देवू, आमच्या कारभारणीला, चंद्राबाईला मासळीची सुरी करून दे. लई बाया सुखरूप पोचवल्या ह्या गाडीनं. तिचं कायतरी घरात ऱ्हावं."

देवूंनी मला भट्टीत तापवलं. त्यांची बायको कृष्णाबाई घण मारायची. ठोकून ठोकून मी पातळ झाले, लांब झाले. मग पातं कडक व्हावं म्हणून मला लालबुंद करून तेलात बुडवलं. बाहेर आले तर काय! मी एका अंगाला वाकले होते.

कोंडाजींचा चेहरा उतरला. देवूंनी मला ऐरणीवर ठेवून हातोडा उचलला. तोच कृष्णाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"आवो, थांबा! आत्ता ती काचेवानी हाय. ठोकली तर तुकडं व्हतील."

"मग काय अशी वाकडीच द्यू?"

"मी बगते. दुसरा तुकडा न्हाई त्यांच्याकडं."

देवूंनी हातोडा खाली ठेवला. तापताना रंग दिसावा म्हणून कृष्णाबाईंनी मला विटेने घासलं आणि निखाऱ्यांवर धरून हळूहळू शेकलं. माझं अंग वाळल्या गवतासारखं पिवळं झालं, तशी त्यांनी मला गरम असतानाच शिकंज्यात, म्हणजे घट्ट आवळायच्या लोखंडी पकडीत धरलं. मी जिकडे वाकले होते, त्याच्या उलट बाजूला त्या बेताबेताने दाब देऊ लागल्या. सोडलं, तर बाक कमी झाला होता, पण गेला नव्हता. पुन्हा शेक, पुन्हा दाब, या वेळी थोडा जास्त.

आणि टक् असा आवाज आला!

"गेली!" देवू ओरडले. कोंडाजींनी डोळेच मिटले. मलाही वाटलं, आपण संपलो.

कृष्णाबाईंनी माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि त्या हसल्या. "नुसती भट्टीतली काळी खपली उडाली. सुरीला काय बी झालं न्हाई."

त्यांनी मला डोळ्यासमोर आडवी धरली. मी सरळ होते! कोंडाजींनी वाकून माझ्या पाठीवरून नजर फिरवली. "सुटलो बाई," एवढंच ते म्हणाले.

मग मला धार लागली, बाभळीची मूठ बसली आणि पुढे चंद्राबाईंच्या हातात मी मरळ कापली, कटला कापला. "लोण्यावानी चालती," असं त्या शेजारणींना कौतुकाने सांगायच्या. मात्र एका पावसाळ्यात मी टोपलीत ओलीच राहिले. गंजले. सून अपेक्षा मला टाकायला निघाली, तेव्हा चंद्राबाई म्हणाल्या, "आगं, गंज वरचा हाय. घास की." तिने मला राखेने घासलं, तेलाचा हात फिरवला. आता तीच मला वापरते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सुरी असेल. तिने डब्याची झाकणं उचकटू नका. काम झालं की धुवा, पुसा आणि कोरड्या जागी ठेवा. आमचं मागणं एवढंच आहे.