चौथा बुधवार

बापाच्या बोटांतून तिसरं बटण पुन्हा निसटलं, आणि समोर खुर्चीत बसलेल्या मुलीने वहीत आणखी एक रेघ मारली.

हातांना कंप असलेल्या माणसांसाठी तिची कंपनी काहीतरी नवं बनवणार होती. काय, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी अडचण समजून घ्यायची, वस्तू मग. नियम एकच: समोरचा रडकुंडीला आला तरी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. हा नियम तिला मुळीच जड गेला नाही.

बाप जन्मभर शिंपी. गावभरच्या शर्टांना त्याने काजं केली होती. आधीच्या चार वर्षांत मुलगी दोनदा आली, तीही उभ्या उभ्या. आता मात्र सलग चौथा बुधवार ती तासभर त्याच्यासमोर बसत होती आणि त्याच्यावरची नजर हटवत नव्हती. म्हातारा सुखावला होता.

"आत्ता काय वाटतंय?" तिने विचारलं.

"बरं वाटतंय."

"बाबा, अडचण सांगा. बरं वाटतंय हे लिहून मी काय करू?"

तो ओशाळला. चपला नीट करायच्या निमित्ताने खाली वाकला, तसं खिशातून काहीतरी फरशीवर पडलं. छत्रीच्या काडीचा वाकवलेला आकडा होता, टोक घासून गुळगुळीत केलेलं.

"हे काय?"

त्याने आकडा उचलून काजातून घातला, बटण अडकवून ओढून घेतलं. मग पुढचं. मिनिटभरात गळ्यापर्यंत शर्ट बंद.

"हे कधीपासून आहे?"

"झालं की वर्ष."

"मग महिनाभर माझ्यासमोर ही धडपड कशाला?"

"तू येत होतीस ना."

हे तिने लिहून घेतलं नाही. आकडा हातात घेऊन उलटसुलट पाहताना मात्र तिचा चेहरा असा खुलला की बापही हसला. लहानपणी त्याने शिवलेला नवा फ्रॉक घातला की ती अशीच खुलायची.

"परत दाखवू?" म्हणत तो उत्साहाने बटणं काढू लागला. सगळी काढून होईतो आकडा रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत गेला होता.

"पुढच्या बुधवारी किती वाजता?"

"आता कशाला, बाबा? हवं ते मिळालं."

दारात तिने चपला घातल्या. मागे बाप उघड्या शर्टाने उभा राहून बटण चाचपत होता. या वेळी खिसा खरोखरच रिकामा होता. बटणागणिक वेळ मोजायच्या सवयीने तिचं बोट फोनवरच्या घड्याळावर गेलं. सेकंद धावू लागले. बटण निसटलं, पुन्हा निसटलं. मग काम संपल्याचं तिच्या ध्यानात आलं. तिने घड्याळ थांबवलं आणि ती जिना उतरू लागली.