नऊ नंबरचं घड्याळ

बापूसाहेबांकडे चोवीस घड्याळं होती आणि त्यांची झोप उडवली होती पंचविसाव्याने.

नांदेडच्या एका कापडगिरणीने रौप्यमहोत्सवाला पंचवीस जुन्या कामगारांसाठी विलायतेहून नंबर घातलेली पंचवीस मनगटी घड्याळं मागवली होती. बटन दाबलं की शर्यतीची वेळ मोजायचा एक मोठा काटा सुटायचा. कामगारांना पळायचं कुठे होतं, हे मालकाला कुणी विचारलं नाही. एक कामगार समारंभाआधीच वारला, म्हणून पंचविसावं मॅनेजरच्या घरी राहिलं.

बहात्तरच्या दुष्काळात बापूसाहेब खडीच्या कामावर गुत्तेदार होते आणि ते जुने कामगार त्यांच्या हाताखाली खडी फोडत होते. पायलीभर ज्वारीला एक, अशी तेवीस घड्याळं त्यांनी गोळा केली. उरलेला एक, व्यंकटी, आपलं नऊ नंबरचं विकेना. ते त्यांनी "जरा बघू" म्हणून घेतलं. व्यंकटी रोज परत मागायचा.

"विचार करतो," बापूसाहेब म्हणायचे.

विचार पुरा व्हायच्या आत व्यंकटी वारला. त्याचा पोरगा रामकिशन शेजारीच खडी फोडत होता.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. पाऊस काही आला नाही. हद्द बदलल्याचं परिपत्रक त्याला मिळालं नसावं. रामकिशन नव्या कलेक्टर कचेरीत कारकून झाला. बापूसाहेब तिथे नेहमी यायचे, मनगटावर नऊ नंबर.

"साहेब, तो मोठा काटा पळताना लई झोकात दिसतो," रामकिशन एका सोमवारी म्हणाला. "बंद नका ठेवू."

बापूसाहेबांनी लगेच बटन दाबलं. मोठा काटा चालू राहिला की हे घड्याळ दिवसाला पाच मिनिटं मागं पडतं, असं व्यंकटी सांगायचा. रामकिशनने तेवढं सांगायचं राहू दिलं. अस्सल मालाची वेळ जुळवावी लागत नाही, असं बापूसाहेबांचं मत होतं. रामकिशनला ते पाठ होतं.

दोन दिवसांपूर्वीच अहमदपूरच्या सौदामिनीबाईंची दोघांनाही कार्डं आली होती. बाई त्या मॅनेजरची लेक, निवृत्त मुख्याध्यापिका, रामकिशनच्या मास्तरीण. "वडिलांचं पंचविसावं घड्याळ देऊन टाकायचं आहे. गुरुवारी चारला या. ठोक्याला जो दारात असेल, त्याचं. आधी नको, नंतर नको."

गुरुवारी रामकिशन एसटीने आला आणि बाईंच्या ओट्यावर बसला. बापूसाहेबांची जीप वळणावर उभी होती. आत ते मनगटाकडे बघत ठोक्याची वाट पाहत होते. भिंतीवरच्या घड्याळाने चार टोले दिले. रामकिशन उठला आणि आत गेला.

पंधरा मिनिटांनी बापूसाहेब आले.

"बरोब्बर चार!" त्यांनी मनगट पुढे केलं.

"सव्वाचार," बाई म्हणाल्या. "आणि आधी पाय पुसून या."

पंचविसावं रामकिशनच्या हातात बघून बापूसाहेब पाय न पुसताच पुढे सरसावले.

"रामकिशन, अरे, संच पुरा होतो माझा! काय हवं ते माग."

"आमच्या बाचं नऊ नंबर द्या. मग विचार करतो."

बापूसाहेबांनी पट्टा इतक्या घाईने सोडला की मनगट खरचटलं. रामकिशनने घड्याळ हातात बांधलं. बटन दाबून मोठा काटा थांबवला. बाईंच्या भिंतीवर बघून वेळ जुळवली.

"मग?" बापूसाहेब म्हणाले.

"विचार झाला, साहेब." रामकिशनने पंचविसावं खिशात घातलं. "न्हाई."