बॉर्डरच्या वर तीन ठिपके

"काका, सुई तुमच्या कानावर आहे."

कॉलेजातली मुलगी असं म्हणाली आणि खोलीत हशा पिकला. लिफ्टकाका टेबलाखाली वाकून, पिशवी उलटी करून, खुर्चीच्या गादीखाली हात घालून दहा मिनिटं ती सुई शोधत होते. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करताना कानामागे पेन्सिल ठेवायची सवय, तिथंच आता विणायची सुई गेली होती. दातांच्या डॉक्टरीणबाई तर डोळे पुसेपर्यंत हसल्या.

काका हसले नाहीत. त्यांनी सुई काढली, तिच्याकडे पाहिलं आणि ते हळूच खुर्चीवर बसले. चेहरा पांढरा पडला होता. एरवी असल्या थट्टेला सव्याज परतफेड करणारा माणूस. पण त्या मंगळवारी वर्ग सुटेपर्यंत त्यांनी एक ओळसुद्धा विणली नाही.

वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी विणकाम शिकवते. येणारे सगळे नवशिके. डॉक्टरीणबाईंचे टाके इतके घट्ट, की सुई पुढं सरकताना किरकिरते. मी त्यांना म्हणते, "अहो, हा टाका आहे, दाढ नाही. उपटू नका." मुलीचं उलट. तिचे टाके एवढे सैल की त्यातून बोट जावं. विणताना तिचं एक लक्ष फोनकडे. लिफ्टकाकांचा हात मध्यम, पण ओळ कुठली चालू आहे ते विसरायचे. सुलट ओळीत मध्येच उलट टाका घालायचे.

शिकवण्यातला आनंद मला विचाराल तर तो एका क्षणाचा असतो. आठवडाभर सुयांशी कुस्ती खेळलेल्या माणसाचे खांदे एकदम खाली येतात. लोकर आपसूक बोटावरून धावू लागते, आणि ते त्याला स्वतःला कळतच नाही, मला कळतं. त्या क्षणासाठी मी बाकीचं सगळं सोसते. आणि बाकीचं पुष्कळ असतं. सुटलेले टाके, वाढलेले टाके, गुंतलेले गुंडे, आणि "बाई, हे असं का झालं?" हा प्रश्न तासाला वीस वेळा.

फार वर्षांपूर्वी, माझ्या पहिल्याच वर्गात, एका नर्सला मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुमच्या हाताला हे जमायचं नाही." तिनं सुया टेबलावर नीट जोडून ठेवल्या आणि गेली, ती पुन्हा आली नाही. त्या दिवसापासून मी व्रत घेतलं. दिवसभरात कुणाला एकही कठोर शब्द बोलायचा नाही. रोज सकाळी देवासमोर बसून ते म्हणायचं, आणि संध्याकाळी त्याच जागी बसून हिशोब द्यायचा. आजवर ते मोडलं नाही.

पण कठोर बोलायचं नाही, तर चुका सांगायच्या कशा? मी एक वाट काढली. शुक्रवारी सगळ्यांचं विणकाम "तपासायला" म्हणून घरी न्यायचं. पहाटे प्रार्थनेनंतर क्रोशाची सुई घेऊन बसायचं. चुकलेला टाका सुईवरून सोडला, की तो शिडीसारखा पायरी पायरीनं खाली उतरतो. चुकीपर्यंत आला, की क्रोशाच्या सुईनं त्याला पुन्हा एकेक पायरी वर चढवायचं. कुठं चूक होती ते ब्रह्मदेवालाही सापडणार नाही. मंगळवारी सगळं नीट करून परत द्यायचं आणि म्हणायचं, "छान झालंय हं." लोक खूश, मी खूश, आणि व्रत शाबूत. अशी दहा वर्षं गेली.

त्या दिवशी सगळे गेल्यावर लिफ्टकाका मागे थांबले. मी खुर्च्या भिंतीला लावत होते.

"बाई, मी पुढच्या आठवड्यापासून येणार नाही."

"का हो? सुईचं मनावर घेतलंत? अहो, माझा चष्मा डोक्यावर असतो आणि मी घरभर शोधते."

"सुईचं नाही फक्त." त्यांनी पिशवीतून स्वेटरचा पुढचा भाग काढून टेबलावर पसरला. करड्या रंगाची लोकर, खाली चार बोटं बॉर्डर. मागचा भाग त्यांचा केव्हाच झाला होता. "पुढच्या बुधवारी डॉक्टरांकडे जायचंय. डोक्याच्या. माझ्या थोरल्या भावाला झालं तेच मला होतंय बहुतेक. त्याचं किल्ल्यांपासून सुरू झालं होतं. शेवटी तो मला 'साहेब' म्हणायचा."

काकांनी बॉर्डरच्या वर, डाव्या कोपऱ्याशी बोट ठेवलं.

"इथं मी तीन ठिपके विणले होते. सुलट ओळीत मुद्दाम उलटे टाके. खाली दोन, वर एक. असे उंच येतात ना बोटाला, तसे. मंगळवारी बघतो तर नाहीत. म्हटलं, करायचे म्हणून नुसतं मनात आलं असेल. पुन्हा केले. पुढच्या मंगळवारी पुन्हा नाहीत. तिसऱ्या वेळी वहीत लिहून ठेवलं, तारीख घालून. आज वही बघितली. लिहिलेलं आहे, आणि विणलेलं नाही."

माझे हात खुर्चीच्या पाठीवरच राहिले.

"कशासाठी होते ठिपके?" मी विचारलं.

"आमच्या हिला दोन वर्षांपासून दिसत नाही. इथं कुणाला बोललो नाही, लोक लगेच हळहळायला लागतात. कपडे घालताना पुढचं-मागचं कळत नाही तिला. मला विचारणं तिला नको असतं. मानी आहे. मध्ये एकदा उलटं स्वेटर घालून दुकानात गेली, तिथं दोन बायका हसल्या. तेव्हापासून बाहेर पडत नाही." "लिफ्टच्या बटणांशेजारी उंच ठिपके असतात बघा, न दिसणाऱ्यांसाठी. नोकरीच्या शेवटी शेवटी मीच बसवले शेकडो. म्हटलं, स्वेटरला का नको? बोट लागलं की ही पुढची बाजू. कुणाला विचारायला नको. पण आता मलाच काही कळेनासं झालं, तर तिला कोण बघणार? मूल ना बाळ आम्हाला."

खरं सांगते, त्या क्षणी मनात दोन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे गप्प बसावं. डॉक्टर तपासतील, काही निघणार नाही, त्यांची भीती आपोआप जाईल आणि माझी लाजही झाकली जाईल. आणि दुसरी म्हणजे बुधवारपर्यंतच्या त्यांच्या सगळ्या रात्री. दुसऱ्या गोष्टीनं पहिलीला जागा दिली नाही.

"काका, तुम्ही ठिपके केले होते."

त्यांनी मान वर केली.

"तिन्ही वेळा केले होते. मी काढले. मला वाटलं, चुकलंय. मी सगळ्यांच्या चुका घरी नेऊन काढते. गेली दहा वर्षं."

काका हलले नाहीत. मग लिफ्टचा बिघाड शोधणारा माणूस विचारेल तसं एकेक करून विचारू लागले. "किती होते?"

"तीन."

"कुठं?"

"डाव्या बाजूला, बॉर्डरच्या वर. पहिल्या वेळी अगदी लागून. मग थोडे वर. या खेपेला चार बोटं वर."

"मांडणी?"

"खाली दोन, वर एक." आणि हे सांगताना मला माझीच लाज वाटली. चुका अशा त्रिकोणात नीट बसत नाहीत. माझ्या बोटांना ते कळायला हवं होतं. तिसऱ्या वेळी तर मी मनात वैतागलेही होते, की एवढं साधं या माणसाला कसं कळत नाही.

काका खाली बसले. दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले.

"बाई, परत एकदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. पण ते हसत होते, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी गळत होतं. "माझ्या कामाची कुणी इतकी वाट लावली आणि मला इतका आनंद झाला, असं आयुष्यात पहिल्यांदा होतंय!"

थोड्या वेळानं त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, पिशवीतून मागचा भाग काढला आणि माझ्यासमोर धरला. "मग यातलं माझं किती?"

मी दाखवत गेले. इथं टाका सुटला होता, इथं दोन वाढले होते, ही अख्खी ओळ उलटी होती. त्यांचा चेहरा उतरत गेला. तो पाठीचा भाग त्यांनी शेजाऱ्यांना दाखवला होता, मला माहीत होतं.

"म्हणजे मला अजून विणता येत नाही."

जिभेवर 'तसं नाही हो' तयारच होतं. दहा वर्षांची सवय.

"नाही," मी म्हणाले.

केवढासा शब्द. पण तो उच्चारल्यावर मला पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखं वाटलं, आणि गंमत म्हणजे त्यांनाही. त्यांनी मान डोलावली. "चला. डोकं शाबूत, हात कच्चे. उलटं असतं तर पंचाईत होती."

मग त्यांनी पुढचा भाग बॉर्डरपर्यंत उसवला. त्यांनी उसवलं, मी लोकर गुंडाळली. टाके पुन्हा सुईवर घेताना दोन सुटले. माझा हात पुढं गेला.

"हात मागं, बाई."

मी दोन्ही हात पाठीमागे बांधून बसले. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत एवढं अवघड काम मी केलं नव्हतं. पंधरा मिनिटं त्यांनी त्या दोन टाक्यांशी झटापट केली. इकडे आपसूक माझी बोटं पाठीमागे विणत होती.

त्या संध्याकाळी देवासमोर बसले आणि हिशोब दिला. आज एका माणसाला तोंडावर 'नाही' म्हणाले. खूप वेळ बसले. दटावल्यासारखं काही वाटलं नाही.

शुक्रवारी वर्गाला सगळं सांगितलं. मुलीनं तोंडावर हात नेला. "अगं बाई! मी मैत्रिणींना सांगत फिरले, की मला उपजतच येतं!"

डॉक्टरीणबाई मात्र खरोखर रागावल्या. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटू दे की! मी दिवसभर माणसांच्या तोंडात बघून 'किडलाय' म्हणून सांगते. वाईट वाटतं त्यांना. तरी परत येतात ना? न सांगता झोपेत उपटून टाकला तर चालेल का कुणाला?" मग आपली करकचून विणलेली पट्टी माझ्यापुढं टाकत म्हणाल्या, "सांगा. कुठं किडलंय?"

मी सांगितलं. हळू आवाजात, पण सगळं सांगितलं. त्या दिवशी कुणाचंच काम घरी गेलं नाही.

काकांचं स्वेटर पुरं व्हायला आणखी सात आठवडे लागले. मधल्या बुधवारी ते डॉक्टरांकडेही जाऊन आले. डॉक्टर म्हणाले म्हणे, की या वयात सुई कानावर विसरायला पूर्ण परवानगी आहे.

आणि एका मंगळवारी काका पत्नीला घेऊन माडी चढून आले. काकू उंच, ताठ मानेच्या. दारातच त्यांनी काकांचा हात सोडला. मुलीनं खुर्ची सरकवली, तिचा आवाज ऐकून त्या अचूक तिथं येऊन बसल्या.

काकांनी घडी त्यांच्या मांडीवर ठेवली. आम्ही सुया थांबवल्या.

काकूंची बोटं बॉर्डरवरून सावकाश चालत गेली. डाव्या कोपऱ्याशी थबकली. मागे आली, पुन्हा पुढे गेली. खाली दोन, वर एक.

"अहो, हे लिफ्टचं आहे."

"हं," काका म्हणाले. एवढंच.

बोटं पुढं निघाली, छातीवरून खांद्याकडे चढली आणि मध्येच थांबली. "इथं पण एक आहे. हा कशाचा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगणार नव्हते.

"तो चुकलाय."

"मग ठीक आहे. मला वाटलं, आणखी काही पाठ करायचंय."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. काकू उभ्या राहिल्या. स्वेटर उचलून पुन्हा ते तीन ठिपके शोधले, ते पोटाशी आणले, आणि डोक्यावरून स्वेटर घातलं. काका सवयीनं पुढं झाले, गळा सारखा करायला. पण काकूंनी तो आधीच केला होता.

काकांचा हात क्षणभर हवेत राहिला. मग त्यांनी तो कानाकडे नेला, तिथली सुई काढली, आणि ते आपल्या जागेवर येऊन विणायला बसले.