कुंपणाबाहेरची जास्वंद

शैलजाकाकूंची पुण्यातली सवय अमेरिकेत तीस वर्षं काढूनही सुटली नव्हती. सकाळी फिरायला निघालं की कुणाच्याही कुंपणाबाहेर झुकलेली जास्वंद खुडायची आणि घरी येऊन गणपतीला वाहायची. एकदा कुणीतरी पोलिसांना फोन केला. फुलं दाखवायला काकूंनी पिशवीत हात घातला मात्र, शस्त्र काढताहेत असं समजून पोलिसाने त्यांना खाली पाडून बेड्या घातल्या. मनगट मोडलं.

काकूंनी त्या पोलिसावर आणि शहराच्या प्रशासनावर दावा लावला. 'पैसे घेऊन मिटवून टाका, पण कुठे बोलू नका,' असा शहराचा निरोप आला. काकूंनी नकार दिला.

सुनावणीच्या सकाळी त्यांचे यजमान अरुणकाका कोर्टाच्या पायरीवरच थबकले. "शैला, महाराष्ट्र मंडळात तुला फुलचोर म्हणतात गं. अजूनही मिटव. पोलिसांशी कशाला वाकडं?"

"वाकडं माझं मनगट झालंय. चला आत."

त्यांची वकील प्रतिमा लहानपणी काकूंच्याच रविवारच्या मराठी शाळेत शिकली होती. ती हळूच म्हणाली, "काकू, फुलांचं विचारतील. प्लीज, फक्त येस ऑर नो. ज्युरीचं मन फिरलं तर केस गेली."

शहराच्या वकिलाने तेच विचारलं. "फुलं तुमची होती?"

"नाही."

"परवानगी घेतली होती?"

"नाही."

तो ज्युरीकडे पाहून हसला. "मग पोलिसांनी काय करायला हवं होतं?"

प्रतिमाने डोळे मिटून घेतले. काकू मात्र वर्गात बोलाव्या तशा सावकाश बोलल्या. "विचारायला हवं होतं. मीही विचारायला हवं होतं. माझी चूक मी शपथेवर कबूल केली. शहराने अजून केलेली नाही. म्हाताऱ्या माणसाशी आधी बोलावं, हे त्या मुलाला कुणी शिकवलंच नाही. न शिकवलेल्या धड्यात पोरगा चुकला, तर मी मास्तरलाही जाब विचारते."

ज्युरीने दोघांनाही जबाबदार धरलं, पोलिसाला आणि त्याला न शिकवणाऱ्या शहरालाही. प्रतिमाने सगळ्यांदेखत काकूंना वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पिशवी शोधू लागल्या, तर अरुणकाका बूट घालून दारात उभे. हातात पितळेची परडी, लांबूनही दिसेल अशी धरलेली.

"आधी बेल वाजवून विचारायचं हं," काकू म्हणाल्या.

"मी वाजवतो," काका म्हणाले. "आणि मंडळातलं कुणी भेटलंच, तर तू गप्प बस. मला बोलायचंय."