शकूचं शेत नेमकं कुठलं

भात पोटरीला आलेलं. खडवलीत आपल्या शेतात शकू घोटाभर चिखलात उभी होती आणि हातातला फोन सांगत होता, तुम्ही तुमच्या शेतापासून दूर आहात.

"दूर? मग मी उभी कुठं हाय, तुझ्या बापाच्या माळ्यावर?" शकू फोनवरच ओरडली.

शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोन जागा ताडून बघतो. फोटो नाही तर भाताचा सरकारी बोनस नाही. मागच्या वर्षी हे काम तिने नवऱ्यावर सोडलेलं. काळुराम विसरला. म्हणून यंदा ती स्वतः आलेली.

स्टेशनजवळ ऑनलाइन कामं करून देणाऱ्या भावनाने नकाशा उघडला. "काकी, कागदावर हे शेत तुमचं नाहीच. पंढरीकाकांचं आहे. तुमचं तिकडे, रस्त्याला."

"रस्त्याला त्याचा लग्नाचा हॉल हाय."

"तोच. तुमच्या जमिनीवर."

शकूच्या सासऱ्याने आणि पंढरीच्या बापाने, दोघा सख्ख्या भावांनी, शेतं बदलून घेतलेली. एकाला ओढ्याजवळचं हवं होतं, दुसऱ्याला रस्त्याचं. ओट्यावर पान खाल्लं, बोलणं झालं. तलाठ्याकडे कोण जातो? शकू समजत होती, कागदही तेव्हाच बदलले.

"मग मागचा बोनस?"

"पंढरीकाकांना गेला. फोटो आहे ना पिकाचा."

फोटो. मागच्या वर्षी पंढरीचा पोरगा हर्षित बांधावर मोबाईल घेऊन उभा होता. रील बनवतोय समजून शकूने त्याला काकडी दिलेली.

म्हणजे बघा. जिने चिखल तुडवला तिच्या नावावर सिमेंट, ज्याने हॉल बांधला त्याच्या नावावर भात. पंढरी शेतकरी आणि शकू कोणीच नाही. वर कायद्याने हे सगळं बरोबर. डोक्याला शॉट लागतो तो इथे.

नवऱ्याला घेऊन ती तडक हॉलवर गेली. साखरपुड्याची तयारी चाललेली, शिडीवर मंडपवाला पडदे लावत होता.

"भावजी, माझा बोनस खाल्लात?"

पंढरी ओशाळला. खिशातून नोटा काढल्या. "खाल्ला कशाला? घे ना वैनी. मना वाटला, कसले तरी विम्याचे आले."

"घे गं," काळुराम म्हणाला.

"थांबा. हे कशाचे? माझ्या पिकाचे, का तुमच्या शेतात राबले त्याची मजुरी?"

"असं काय बोलते? म्हाताऱ्यांचा शब्द हाय," पंढरी म्हणाला.

"मग कागद करा. शेत आमच्या नावावर, हॉल तुमच्या."

पंढरीने खुर्चीत बसलेल्या हर्षितकडे बघितलं. हर्षितने मोबाईलमधून मान वर केली नाही. "पप्पा, सही-बिही काय नको. ओढ्याकडे आता फार्महाऊसवाले येतात. भाव आलाय."

काळुरामचं तोंड उघडंच राहिलं.

"बरं," शकू म्हणाली. "मग हॉल आमचा. उद्याचा साखरपुडा मना विचारून करा."

हर्षित हसला. मग हसायचा थांबला. "पप्पा, असं करता येतं?"

पंढरीला माहीत नव्हतं. काळुरामला तर अजून पहिलंच कळलं नव्हतं.

"शेठ, हा पडदा लावू ना?" मंडपवाल्याने वरून विचारलं.

पंढरी नोटा धरून तसाच उभा. त्याने शकूकडे बघितलं.

"थांब," शकू म्हणाली.

मंडपवाला शिडीवर थांबला. आणि पंढरी त्याला लाव म्हणाला नाही.